बीटी सरकीच्या पाकिटात नेमकं काय असतंय? जनुक काढणं, कापणं, जोडणं, घालणं: केळं, कात्री आणि चायना ग्रास घेऊन समजून घ्या

मृगाच्या आधी सरकीची पाकिटं घरात आली की आमचे आबा एक पाकीट फोडून थोडं बी तळहातावर घेतात, अंगठ्यानं चोळतात आणि बोटाला लागलेला रंग दाखवून म्हणतात, "हे बघ, हे बीटीचं औषध." मी बारावीला बायोलॉजी शिकवतो, परभणी जिल्ह्यातल्या मानवतकडचं गाव आमचं, घरात कापूस तीन पिढ्यांपासून, आणि तरी हे वाक्य मी कितीतरी वर्षं ऐकून घेतलं, नीट बसून समजावलं नाही. मागच्या उन्हाळ्यात समजावलं, केळं आणि कात्री घेऊन, आणि आबांना कळालं. म्हणून तेच सगळं इथं लिहितोय, शेतकऱ्याच्या पोरांसाठी, नीटची (मेडिकल प्रवेश परीक्षेची) तयारी करणाऱ्या लेकरांसाठी आणि ज्यांना "बीटी" हा शब्द रोज ऐकू येतो पण त्याच्या आत काय हाय ते कुणी उघडून दाखवलं नाही त्यांच्यासाठी.

तर आधी तो रंग. बियाला जो रंग लागलेला असतो ती बीजप्रक्रिया, म्हणजे बुरशीनाशक नाहीतर रसशोषक किडीचं औषध, ते वरून लावलेलं असतंय आणि काही आठवड्यांत संपतंय. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूकडून घेतलेलं लिखाण, बोंडअळी मारणारं प्रथिन कसं बनवायचं त्याचं. हे वरून लावलेलं नसतंय, ते बियाच्या आत, प्रत्येक पेशीत, डीएनएमध्ये लिहिलेलं असतंय. धुवून जात नाही, पावसानं उतरत नाही, झाड वाढेल तसं मुळात पानात पात्यात बोंडात सगळीकडं ते लिखाण जातंय. हा फरक डोक्यात बसला की जेनेटिक इंजिनिअरिंगचं अर्धं काम झालं असं मी समजतो.

लिखाण म्हणतोय ते उगाच नाही. डीएनए म्हणजे चार अक्षरांची लांबच लांब ओळ, ए, टी, जी, सी. दोन ओळी समोरासमोर, पिळलेल्या, ए समोर टी आणि जी समोर सी, दुसरी जोडी जमतच नाही. १९५३ ला वॉटसन आणि क्रिक यांनी हा पीळ मांडला, त्यामागं रोझालिंड फ्रँकलिनच्या लॅबमधले एक्स-रे फोटो होते. या ओळीतला एखादा तुकडा, ज्यात एक प्रथिन कसं बनवायचं ते लिहिलंय, तो म्हणजे जनुक किंवा जीन. तीन तीन अक्षरांचा एक शब्द, असे ६४ शब्द होतात, त्यावरून २० प्रकारची अमिनो आम्लं एकापुढं एक जोडली जातात आणि प्रथिन तयार होतंय. हे शब्द उलगडण्यात आपले हरगोविंद खुराणा होते, १९६८ चं नोबेल त्यासाठीच मिळालं.

आता महत्त्वाची गोष्ट, इथं थांबून वाचा. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळातले जमिनीचे जुने कागद उर्दूत नाहीतर मोडीत सापडतात, ते वाचायला जाणकार माणूस शोधावा लागतो, कारण लिपीच वेगळी. जिवांचं तसं नाही. मातीतला जिवाणू असो, पऱ्हाटी (कापसाचं झाड) असो, बैल असो का आपण, सगळ्यांची लिपी एकच आणि शब्दांचे अर्थही जवळपास सगळीकडं तेच. म्हणून जिवाणूच्या कागदातलं एक पान कापसाच्या वहीत चिटकवलं तर कापूस ते वाचू शकतो आणि त्यातलं प्रथिन बनवू शकतो. हे असं नसतं तर जेनेटिक इंजिनिअरिंग नावाचं काही झालंच नसतं. बाकी सगळं तंत्र म्हणजे ते पान काढायचं कसं, कापायचं कशानं, चिटकवायचं कसं आणि चिटकलं का नाही ते बघायचं कसं, एवढंच.

पहिलं काम: डीएनए काढणं

हे घरी होतंय आणि करूनच बघा. आमच्याकडं अर्धापूरची केळी मुबलक, म्हणून मी केळंच घेतो, जास्त पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं. साहित्य लिहून घ्या: अर्धं केळं, मीठ अर्धा चहाचा चमचा, भांडी घासायचं लिक्विड दोन चमचे, कोमट पाणी अर्धा कप म्हणजे साधारण १०० मिली, गाळायला जुन्या धोतराचा पातळ कपडा, काचेचा उभट ग्लास आणि मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल नाहीतर सर्जिकल स्पिरिट. स्पिरिट आदल्या रात्री डीप फ्रीजमध्ये ठेवा, झाकण घट्ट लावून. ही बाटली गॅसजवळ, देवघरातल्या दिव्याजवळ अजिबात न्यायची नाही, लगेच पेट घेते, लेकरं असतील तर मोठ्यांनीच ओतायचं.

केळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातानं पार लगदा करा, गाठ राहू देऊ नका. कोमट पाण्यात मीठ आणि लिक्विड घालून हळू हलवा, फेस नको. ते पाणी लगद्यात ओता आणि दहा मिनिटं अधूनमधून अलगद हलवत राहा. मग कपड्यातून गाळा, पिळू नका, आपोआप गळू द्या. गाळलेलं पाणी ग्लासात दोन बोटं उंच घ्या. आता ग्लास तिरपा धरा आणि गारेगार स्पिरिट काठावरून अगदी हळू, धार न मोडता सोडा, तेवढंच दोन बोटं. तुमचं स्पिरिट ७० टक्क्यांचं असेल तर दुप्पट घ्या. दोन थर वेगळे दिसले पाहिजेत, खाली गढूळ, वर स्वच्छ. ग्लास हलवू नका, पाच-दहा मिनिटं नुसतं बघत बसा.

त्या दोन थरांच्या मधून पांढरे धागे वर चढायला लागतात, त्यांना बारीक बुडबुडे चिकटलेले, पिंजलेल्या कापसाचा पेळू पाण्यात सोडल्यासारखे दिसतात. अगरबत्तीची काडी घालून एकाच दिशेनं फिरवली की धागे काडीला गुंडाळत येतात. पहिल्यांदा हे वर्गात झालं तेव्हा मागच्या बाकावरची लेकरं पण टेबलाभोवती येऊन उभी राहिली.

का झालं ते सांगतो, कारण नुसतं करून उपयोग नाही. पेशीभोवती आणि केंद्रकाभोवती जी आवरणं असतात ती चरबीची, आणि चरबी तोडायचं काम लिक्विड करतंय, जसं तेलकट कढईवर करतंय. डीएनएवर ऋण भार असतो, त्यामुळं धागे एकमेकांना ढकलतात, मिठातला सोडियम तो भार झाकतो आणि धागे जवळ येतात. पाण्यात डीएनए विरघळतो, अल्कोहोलमध्ये नाही, म्हणून थर लागतो तिथंच तो बाहेर पडतो. आणि गार कशाला, तर केळ्यातच डीएनए खाणारी एन्झाइम, म्हणजे काम घडवून आणणारी प्रथिनं, असतात, थंडीनं त्यांचं काम मंदावतं. मागच्या वर्षी माझ्या वर्गात निम्म्या ग्लासात काहीच आलं नाही, नंतर लक्षात आलं की त्या गटांनी चमच्यानं घोटून घोटून फेस केला होता आणि स्पिरिट टेबलावर ठेवून गरम झालं होतं, मे महिना आपल्याकडचा, वेगळं काय होणार. जोरात घोटलं की लांब धागे तुटतात आणि मग काडीला काही गुंडाळत नाही.

एक खरं सांगितलं पाहिजे, हे शंभर टक्के शुद्ध डीएनए नसतंय. यात आरएनए (डीएनएसारखाच एक रेणू), थोडी प्रथिनं आणि केळ्यातलं पेक्टिन पण येतंय. जेलीसारखे गोळे तरंगतात ते बहुतेक पेक्टिन, काडीला धाग्यासारखं गुंडाळतंय त्यात डीएनए. लॅबमध्ये यापुढं आणखी शुद्धीकरण करतात, पण तत्त्व हेच, आवरण फोडा, घाण वेगळी करा, अल्कोहोलनं खाली बसवा.

दुसरं काम: कापणं आणि जोडणं

डीएनएला कात्री कोणती लावायची? ही कात्री माणसानं बनवली नाही, जिवाणूंकडं आधीपासून होती. जिवाणूंवर पण विषाणू हल्ला करतात, मग जिवाणू त्या विषाणूच्या डीएनएचे ठराविक जागी तुकडे पाडतो, स्वतःच्या डीएनएला मात्र खूण करून वाचवतो. या कात्र्या म्हणजे रेस्ट्रिक्शन एन्झाइम, वर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ ला याच्यासाठी नोबेल मिळालं. प्रत्येक कात्री एक ठराविक शब्द शोधते. इको-आर-वन नावाची कात्री जी-ए-ए-टी-टी-सी हा शब्द दिसला की तिथंच कापते, दुसरीकडं हात लावत नाही.

वही काढा, हे करून बघा. कागदाची एक लांब पट्टी कापा, वरच्या ओळीत काहीही अक्षरं लिहा पण मध्ये जी-ए-ए-टी-टी-सी येऊ द्या. खालच्या ओळीत जोडीदार लिहा, एच्या खाली टी, जीच्या खाली सी. त्या शब्दाखाली आपोआप सी-टी-टी-ए-ए-जी येईल, तो उजवीकडून वाचा, परत जी-ए-ए-टी-टी-सी. म्हणजे दोन्ही ओळींवर एकच शब्द, फक्त उलट दिशेनं. आता कात्री वरच्या ओळीत जी आणि पहिल्या एच्या मध्ये घाला, मधल्या रेषेवरून चार अक्षरं पुढं जा आणि खालच्या ओळीत ए आणि जीच्या मध्ये बाहेर काढा. कट सरळ पडत नाही, पायरीसारखा पडतो. डाव्या तुकड्याला खाली चार अक्षरं लोंबकळत राहतात, उजव्या तुकड्याला वर चार. यांना चिकट टोकं म्हणतात, कारण त्यांचा जोडीदार मिळाला की ती चिकटतात.

दुसऱ्या रंगाच्या कागदावर दुसऱ्या जिवाचा डीएनए समजून तेच करा, त्याच कात्रीनं कापा. आता पांढऱ्या कागदाचं टोक पिवळ्या कागदाच्या टोकाला लावून बघा, बरोब्बर बसतंय, कारण कात्री एकच. वरून चिकटपट्टी लावा. ही चिकटपट्टी म्हणजे लायगेज नावाचं एन्झाइम, ते सांधा पक्का करतंय. झाला तुमचा रिकॉम्बिनंट डीएनए. पॉल बर्ग यांनी १९७२ ला दोन वेगळ्या विषाणूंचा डीएनए जोडला आणि १९७३ ला स्टॅनले कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी असा जोडलेला डीएनए जिवाणूत घालून तो वाढवून दाखवला.

वाढवायला वाहन लागतंय, ते प्लाझमिड, जिवाणूतला डीएनएचा छोटा गोल. कागदाची पट्टी गोल चिटकवून घ्या, तोच शब्द एका जागी लिहा, तिथं कापून पिवळा तुकडा मध्ये बसवा, परत गोल करा. लेकरांना मी हे तीन वेळा करायला लावतो, कारण परीक्षेत पाठ करून लिहिलेलं चार दिवसांत जातंय, हातानं कापलेलं राहतंय.

पण नुसतं जनुक घालून भागत नाही. जनुकाच्या पुढं एक बटण लागतंय, प्रमोटर, जे सांगतंय की हे वाचायला सुरू कर, आणि मागं एक पूर्णविराम. बीटी कापसात जिवाणूचं क्राय-वन-एसी जनुक आहे, पण जिवाणूचं बटण झाडाला कळत नाही, म्हणून फुलकोबीवरच्या एका विषाणूचं बटण पुढं लावलं, ते झाडाच्या सगळ्या भागात चालू राहतंय. शिवाय एक खुणेचं जनुक सोबत टाकलं, कॅनामायसिन या अँटिबायोटिकला तोंड देणारं, म्हणजे हजारो पेशींमधून कुणात जनुक गेलं ते ओळखता येतंय, कॅनामायसिन टाकलं की ज्या जगल्या त्या आपल्या.

तिसरं काम: आत घालणं

जिवाणूत घालणं त्या मानानं सोपं. कॅल्शियम क्लोराइडमध्ये बर्फावर ठेवायचं, मग ४२ अंशाचा क्षणभर चटका द्यायचा, आवरणाला तात्पुरती वाट मिळते आणि प्लाझमिड आत जातो. इन्सुलिन असंच आलं. आधी डुकराच्या आणि गायीच्या स्वादुपिंडातून काढायचे, मग माणसाच्या इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घातलं आणि १९८२ ला ते औषध म्हणून मान्य झालं. आमच्या आबांना शुगर आहे, रोज पेन लावतात, त्यांना मी सांगितलं की हे पोटावर टोचताय ते पण याच कामातून आलंय, तर बराच वेळ पेनकडं बघत बसले.

झाडात घालणं अवघड. दोन रस्ते. एक म्हणजे अॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू, जो झाडाला जखमेतून शिरून गाठ आणतो. गाठ कशी आणतो, तर स्वतःच्या प्लाझमिडचा एक तुकडा झाडाच्या डीएनएमध्ये घुसवून. म्हणजे निसर्गात हे काम आधीपासून चालू होतं. शास्त्रज्ञांनी त्यातला गाठ आणणारा भाग काढला आणि त्या जागी हवं ते जनुक ठेवलं, १९८३ ला तंबाखूत ते जमलं. दुसरा रस्ता जीन गन, सोन्याच्या नाहीतर टंगस्टनच्या बारीक कणांवर डीएनए लावून पेशींवर मारायचा.

मग त्या एका पेशीपासून पूर्ण झाड उभं करायचं, तिथं टिश्यू कल्चर लागतंय. कापसाचं झाड पेशीपासून उभं करणं लई कटकटीचं, म्हणून अमेरिकेतल्या कोकर ३१२ या जातीत, जी लॅबमध्ये ऐकते, जनुक घातलं आणि मग तिथून आपल्याकडच्या वाणांत पिढ्यानपिढ्या संकर करून आणलं. हे पाच-सहा पिढ्यांचं साधं शेतावरचं काम, परागीभवनाचं, पिशव्या बांधायचं, आणि जालन्याच्या बियाणे उद्योगातल्या मजुरांच्या बोटांना हे काम चांगलं माहीत आहे. १९६४ ला बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको या बियाणे कंपनीची सुरुवात केली, १९९८ ला त्यांना वर्ल्ड फूड प्राइज मिळालं, आणि २६ मार्च २००२ ला भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली त्यात जालन्याचा असा थेट धागा आहे.

इथं एक गैरसमज मोडतो, कारण रोज ऐकतो. टिश्यू कल्चरची जी-नाईन केळी म्हणजे जीएम, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेलं पीक, नाही. तिथं चांगल्या झाडाचा कोंब घेऊन बाटलीत त्याच्याच हजारो प्रती काढतात, बाहेरचं जनुक काही घालत नाहीत. हायब्रीड टमाटा पण जीएम नाही, तो दोन वाणांचा संकर. आपल्या देशात शेतकऱ्यानं पिकवायला परवानगी असलेलं आणि शेतात उभं असलेलं जीएम पीक एकच, कापूस. बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० पासून बंदी आहे, आणि जीएम मोहरीला २०२२ ला पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी मिळाली खरी, पण प्रकरण सुप्रीम कोर्टात अडकलं.

चौथं काम: गेलं का नाही ते बघणं

एका जनुकाएवढा डीएनए डोळ्याला दिसत नाही, म्हणून आधी त्याच्या प्रती वाढवायच्या, मग धावायला लावायचं. प्रती वाढवायचं तंत्र पीसीआर, कोरोनात हे नाव गावोगाव पोचलं. कॅरी म्युलिस यांना १९८३ ला सुचलं, १९९३ ला नोबेल. ९५ अंशाला दोन ओळी सुट्या होतात, मग ५० ते ६५ च्या दरम्यान प्रायमर नावाचे डीएनएचे छोटे तुकडे आपापली जागा शोधून बसतात, मग ७२ अंशाला एन्झाइम नवी ओळ विणतंय. एक फेरी झाली की दुप्पट. ३० फेऱ्यांत एकाचे १०७ कोटींच्या वर होतात, कॅल्क्युलेटरवर एकला दोननं ३० वेळा गुणून बघा. ९५ अंशाला टिकणारं एन्झाइम गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जिवाणूकडून मिळालं, अमेरिकेतल्या यलोस्टोनमधून.

धावायला लावणं म्हणजे जेल इलेक्ट्रोफोरेसिस, आणि हे तुम्ही चायना ग्रासवर करू शकता, तेच किराणा दुकानात मिळणारं. लॅबमध्ये अॅगरोज वापरतात, ते याच्यातूनच काढतात. एक लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा घाला, हे झालं वीज वाहणारं पाणी. त्यातल्या १०० मिलीत एक ग्रॅम चायना ग्रास उकळून पूर्ण विरघळवा. आयताकृती प्लास्टिकच्या साबणाच्या डबीत ओता, पेनाएवढ्या जाडीचा थर, आणि गोठायच्या आधी एका टोकाजवळ थर्माकोलच्या तुकड्याचे चार दात करून उभे ठेवा, तळाला टेकू देऊ नका. गोठल्यावर दात अलगद काढा, चार खड्डे तयार. डबीच्या दोन्ही टोकांची जेलची पट्टी कापून जागा मोकळी करा आणि वरून सोड्याचं पाणी ओता, जेल जेमतेम बुडेल एवढं.

आता खायचे रंग घ्या, हिरवा, लाल, पिवळा, थेंबभर पाण्यात, आणि त्यात एक थेंब ग्लिसरीन मिसळा म्हणजे रंग जड होऊन खड्ड्यात बसेल, तरंगणार नाही. ड्रॉपरनं हळू भरा. ९ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकापुढं एक जोडा, ४५ व्होल्ट होतात. दोन टोकांना पेन्सिलमधली शिसं ठेवून वायर लावा, खड्ड्यांच्या बाजूला ऋण, दुसऱ्या टोकाला धन. घरातली लाईट याला कधीच जोडायची नाही, बॅटऱ्याच वापरायच्या, आणि जोडलेलं असताना पाण्यात बोट घालायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची.

शिसांवर बुडबुडे दिसायला लागले की वीज चालू आहे. अर्ध्या-पाऊण तासात रंग धन टोकाकडं सरकलेले दिसतात. हिरव्याकडं लक्ष ठेवा. आपल्याकडचा खायचा हिरवा बऱ्याचदा पिवळा आणि निळा मिसळून केलेला असतो, तो धावता धावता फुटतो, पिवळा पुढं निघून जातो, निळा मागं राहतो, एकाच थेंबातून दोन पट्टे. वर्गात एक मुलगी म्हणाली, "सर, वीज नुसती ओढायली नाही, निवडायली." नेमकं तेच. डीएनएवर पण ऋण भार, म्हणून तो पण धन टोकाकडं पळतो, छोटा तुकडा जेलच्या जाळीतून पटपट, मोठा अडकत अडकत. बीटीच्या पानातून काढलेला नमुना आणि साध्या पानातला नमुना शेजारी धावले की एकात जनुकाचा पट्टा दिसतो, दुसऱ्यात नाही.

शेतावर यापेक्षा सोपी पट्टीची टेस्ट असते. पानाचा नखाएवढा तुकडा छोट्या नळीत सोबतच्या द्रावणात चिरडायचा, कागदी पट्टी बुडवायची, काही मिनिटांत दोन रेघा आल्या तर बीटी प्रथिन आहे, एकच आली तर नाही. लक्षात घ्या, ही पट्टी प्रथिन ओळखते, जनुक नाही.

बोंडात काय होतंय

बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणून बीटी. मातीतला जिवाणू, तो जे क्राय प्रथिन बनवतो ते अळीच्या आतड्यात विरघळतंय कारण तिथं अल्कधर्मी वातावरण असतंय, तिथल्या एन्झाइमनं जागं होतंय, आतड्याच्या पेशींवरच्या ठराविक जागी चिकटून भोकं पाडतंय. अळी खाणं सोडते आणि मरते. आपल्या पोटात आम्ल, आणि ती चिकटायची जागाच नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर याचा परिणाम होत नाही, म्हणून "बीटी लावलंय तरी फवारणी का" हा प्रश्न चुकीच्या जागी आहे, बीटी हे बोंडअळ्यांसाठी आहे.

मग शेंदरी बोंडअळी का परत आली? २०१७ ला आमच्याकडं बोंड फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि गुलाबी अळी, कापूस कवडी, वेचायला मजूर तयार होईना. त्या आधीच २०१० च्या सुमारास गुजरातमध्ये एक-जनुकी बीटीला ही अळी दाद देईना झाली होती, पुढं २००६ पासून आलेल्या दोन-जनुकी बीटीलाही ती सरावली.

इथं बायोलॉजी कामाला येते. प्रतिकाराचं जनुक बहुतेक अप्रभावी असतंय, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आलं तरच अळी वाचते. अशा दोन वाचलेल्या पतंगांचं मिलन झालं की सगळी पिल्लं प्रतिकारक. पण शेजारी साधा कापूस असेल तर तिथं साधे पतंग हजारोंनी तयार होतात, वाचलेल्या एखाद-दुसऱ्याचं मिलन साध्याशी होतंय, पिल्लांत प्रतिकाराची एकच प्रत येते आणि बीटी त्यांना मारतंय. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं ते यासाठी. कडेनं पाच ओळी नाहीतर २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते, असा नियम. आमच्या घरात ते पाकीट कित्येक वर्षं नुसतं सांडलं, कारण कुणी सांगितलं नाही ते कशासाठी आहे, आम्ही म्हणायचो कंपनीनं फुकट दिलंय. याचं मला आजही वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट आपल्या देशातली. आपण हायब्रीड लावतो. हायब्रीडच्या झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असेल तर त्याच्या बोंडातल्या सरक्या पुढच्या पिढीच्या असतात, त्यात मेंडेलच्या हिशेबानं चारातली एक सरकी बिनबीटीची निघते. शेंदरी अळी तर बोंडाच्या आत सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला विष असलेली आणि नसलेली सरकी मिळते, ती मरत नाही, सरावते. घरची सरकी ठेवून पुढच्या वर्षी लावू नका हे पण यामुळंच, त्यातली काही झाडं बीटी, काही नाही, आणि हायब्रीडचा जोम पण गेलेला.

आता बऱ्याच पाकिटांत नॉन-बीटी बी आतच मिसळून येतंय, लेबल वाचा. बिल आणि पाकिटावरचं लेबल हंगाम संपेपर्यंत ठेवा. तणनाशक सहन करणारी सरकी म्हणून जी चोरून विकायलेत तिला परवानगी नाही, त्यात काय जनुक आहे आणि किती टक्के झाडांत आहे याची कुणाचीच जबाबदारी नाही, ती घेऊ नका.

क्रिस्परचं थोडक्यात सांगतो. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए, २०१२ चं काम, २०२० चं नोबेल. ही पण जिवाणूकडूनच मिळालेली कात्री, पण हिला एक छोटा आरएनए पत्ता सांगतो, त्यामुळं शब्द आपण ठरवायचा. बाहेरचं जनुक न घालता झाडाच्या स्वतःच्याच जनुकात दुरुस्ती करता येते. अशा बदलांना भारतानं मार्च २०२२ ला जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली आणि मे २०२५ ला भाताचे दोन जीनोम-एडिटेड वाण जाहीर केले. सोयाबीन आणि तुरीत असं काही पाणी कमी लागणारं आलं तर आपल्या भागाला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे. ज्या लेकरांना या कामात जायचंय त्यांनी परभणी कृषी विद्यापीठाचं लातूरचं जैवतंत्रज्ञान कॉलेज एकदा जाऊन बघावं, नीट म्हणजेच बायोलॉजी असं नाही.

घरी जिवाणू वाढवणं, त्यावर अँटिबायोटिक टाकून बघणं हे मात्र करू नका, काय वाढतंय ते घरात कळत नाही.

आणि कापसावाल्यांसाठी यंदाचं काम. लागवडीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री, दर रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर वेळ आली समजा. फुलं बघत चला, पाकळ्या न उमलता गुलाबासारखं मिटून राहिलेलं फूल म्हणजे डोमकळी, तोडून हातानं उघडा, आत बारीक अळी सापडते, तिथंच चिरडा. फरदड (वेचणी झाल्यावर परत पाणी देऊन धरलेला कापूस) ठेवू नका, डिसेंबरनंतर पऱ्हाटी काढून टाका. आबांनी यंदा कडेच्या पाच ओळींना खुणेच्या काठ्या रोवल्यात, आणि शेजारच्या बांधावरून कुणी विचारलं की स्वतःच सांगतात, "ते बिनबीटीचं हाय, मुद्दाम लावलंय."